नुसतं मांडलेलं विधेयक

पाकिस्तानचा ‘लष्करी मित्र’ हा दर्जा काढून घेण्यासाठी अमेरिकेच्या संसदेत विधेयक आलंय, अशी बातमी सकाळी ऐकली. शेजारच्या सुशीलाकाकूंचा मुलगा काही वर्षांपूर्वी काश्मीर सीमेवर पाकिस्तानच्या गोळीबारात गेला होता. मी लगबगीनं त्यांना सांगायला गेले. काकू मेथी निवडत होत्या.

"मंजूर झालं का?"

"नाही, नुसतं मांडलंय."

"मागंही मांडलं होतं की गं. तेव्हाही तूच आली होतीस."

मित्र कोण, हे पोरंसोरंही ओळखतात. या अमेरिकेतल्या शहाण्यांना त्यासाठी कायदा लागतो, आणि तोही धूळ खात पडतो. माझा नुसता संताप झाला.

काकूंनी मला जवळ बसवलं. "मंजूर झालं तर सांग. तोवर नुसतीच येत जा."