रत्नामावशीनं माळ थांबवली

रत्नमाला त्रिभुवनला रांजणगावातले लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक तिचा आवाज आणि दुसरा तिचा राग. ऑक्टोबर महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघर जायची, तेव्हा माळेची प्रार्थना सांगायला रत्नामावशीच लागे. तिनं "नमो मरिये" म्हटलं की गल्लीच्या टोकाला दळण घेऊन चाललेली बाईसुद्धा थांबायची. आणि प्रार्थना चालू असताना कुणी मोबाइल काढला, तर त्याच आवाजात त्याचा उद्धार व्हायचा.

ती मूळची गंगापूरकडची. लहानपणी सिस्टरांच्या बोर्डिंगात शिकली. तिथं भांडणाची शिक्षा म्हणून गुडघ्यावर बसून माळ म्हणायला लावत. रत्नमाला इतकं भांडायची, की माळेतली सगळी रहस्यं, म्हणजे ख्रिस्ताच्या आणि मातेच्या आयुष्यातले प्रसंग, तिला इतर पोरींच्या आधी पाठ झाली. पुढं लग्न होऊन वाळूजच्या बाजूला, इथं रांजणगावात आली. नवरा सांडू कामाला चांगला, पण प्यायचा. एकदा त्यानं चारचौघांत तिच्या कानफटात मारली आणि सकाळी एकटीला गाठून पाया पडायला लागला. ती म्हणाली, "मारलंस चौघांत, आन पाया पडतोस मोरीत? चल बाहेर." सांडूनं आपल्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर चूक कबूल केली. पुन्हा त्यानं हात उचलला नाही. कावीळ होऊन तो गेला तेव्हा ती धाय मोकलून रडली. मूलबाळ नव्हतं. बहीण वारल्यावर तिची पोरगी करुणा तिनं आपल्याकडं आणली आणि पोटच्या लेकीसारखी वाढवली.

करुणा बारावी झाली आणि बद्रीनाथ दुशिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली. बद्रीनाथ रत्नमालाच्याच गावाकडचा. तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, तिला अक्का म्हणायचा. हमाली करता करता त्यानं तीन पॉवर प्रेस टाकल्या होत्या. मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या तिथं निघायच्या. चर्चच्या कमिटीत तो पुढं असायचा. मरियामातेच्या सणाला पालखीचा उजवा दांडा त्याच्याच खांद्यावर. माणूस वाईट आहे असं कुणी म्हटलं नसतं, रत्नमालानंही नाही.

प्रेसखाली हात असला की मशीन आपोआप थांबावं म्हणून समोर सेन्सर असतो. पण तो चालू असला की मशीन घडोघडी अडतं आणि माल कमी निघतो. म्हणून बद्रीनाथनं तिन्ही मशीनचे सेन्सर बंद केले होते. उन्हाळ्यात एका दुपारी प्रेस खाली आली आणि करुणाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बद्रीनाथनंच तिला दवाखान्यात नेलं. रात्रभर तिथंच बसला, डोळे पुसत होता. पण दुसऱ्या दिवशी पोलीस आल्यावर त्यानं सांगितलं, पोरगी काम सोडून फोनवर बोलत होती. मग तेच कमिटीत सांगितलं. चर्चच्या अंगणात सांगितलं. लोकांनी त्याला आपापल्या परीनं मीठमसाला लावला. फोनवर कोण होता, कुठल्या जातीचा होता, कधीपासून चाललं होतं, इथवर गोष्ट गेली. करुणाच्या लग्नाची बोलणी चालली होती त्या घरून निरोप आला, की तूर्तास राहू द्या. खरं म्हणजे कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन बद्रीनाथच्या टेबलाच्या खणात बंद असायचे.

रत्नमाला पेटून उठली. ती थेट वर्कशॉपवर गेली. बद्रीनाथ तिला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, "अक्का, मला तसं बोलावं लागलं. नायतर शॉप सील झालं असतं. बारा घरं चालतात त्याच्यावर. करुणाला मी वाऱ्यावर सोडणार नाय."

"तिला बदनाम केलंस, ते रं?"

"लोक विसरतात, अक्का."

तिनं चहाचा ग्लास तिथंच आपटला आणि निघून आली.

त्यानंतर जो तो तिलाच उपदेश करू लागला. शेजारणी म्हणत, जाऊ दे, देव बघतो. कमिटीवाले म्हणत, त्यानं दवाखान्याचं सगळं केलं की. फादर नवे होते, वसईकडचे, मनानं मऊ. ते म्हणाले, "रत्नाबाई, मातेनं क्रुसाखाली उभं राहूनसुद्धा कुणाला शाप दिला नाही. क्षमा करायला शिका." तिला वाटलं, ज्यानं केलं त्याच्या दारात कुणी जात नाही. ज्यांचं गेलं त्यांच्याच दारात सगळे त्याच्यासाठी क्षमा मागायला येतात, जणू आम्हीच काही चोरून ठेवलंय.

ऑक्टोबरच्या मध्यावर फातिमा मातेचा दिवस आला. मिस्सेच्या उपासनेत फादर म्हणाले, फातिमा गावात माता तीन लेकरांना दिसली, त्यांच्यापाशी तिनं जगासाठी एकच निरोप दिला, प्रार्थना करा आणि पश्चात्ताप करा. पहिल्या बाकावर बद्रीनाथ डोळे मिटून बसला होता. रत्नमालाच्या अंगाची लाही लाही झाली. मिस्सा संपल्यावर ती फादरांपाशी पापांच्या कबुलीला गेली.

"फादर, मला राग येतो."

"कुणाचा?"

"बद्रीनाथचा. आन तुमचाबी."

जाळीपलीकडं फादर जरा हलले. "या रागाचा पश्चात्ताप वाटतो का?"

"नाय."

"मग मी पापांची क्षमा कशी देऊ?"

"नका देऊ. पण ज्यानं पोरीची अब्रू घेतली, तो दर रविवारी वेदीपुढं ख्रिस्तशरीराचा प्रसाद घेतो. त्यानं तुमच्यापाशी काय कबूल केलं ते तुम्ही सांगू शकत नाय, मला माहीत हाय. पण बाहेर त्यानं अजून खरं सांगितलेलं नाय, हे सगळ्या रांजणगावाला दिसतंय. मातेचा निरोप त्याला पोचला का नाय, एवढं तरी बघा."

फादर म्हणाले, "तुमच्यासाठी प्रार्थना करतो." ती उठून बाहेर आली.

महिनाअखेरीस मूर्तीच्या फेरीचा शेवट दरवर्षी बद्रीनाथच्या दारात व्हायचा. त्या संध्याकाळी मोठा मांडव, झेंडूची तोरणं, स्पीकर, मागं कढईत बुंदी. रत्नमाला येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. बद्रीनाथची बायको लीलाबाई स्वतः माळ सांगायला बसणार होती. तेवढ्यात रत्नमाला आली. मागं करुणा, हात ओढणीत लपवलेला. तिला यायचं नव्हतं. "मावशी, तमाशा करू नको," असं तिनं घरी दोनदा बजावलं होतं. लीलाबाईनं गुमान माईक पुढं केला.

रत्नमालानं दुःखाची रहस्यं घेतली. चार रहस्यं सरळ पार पडली. पाचवं, ख्रिस्त क्रुसावर मरतो ते, सुरू झालं. पहिलाच मणी. लोक म्हणत होते, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी..." आणि तिनं हात वर केला.

"थांबा. आम्हा पाप्यांसाठी म्हणजे कुणासाठी, हे आधी ठरू द्या. बद्रीनाथ, माझ्या पोरीच्या हातात त्या दिवशी फोन होता का?"

स्पीकरवरून प्रश्न गल्लीभर गेला.

बद्रीनाथ उठला. चेहरा हसरा ठेवायची धडपड करत म्हणाला, "अक्का, आईच्या दरबारात भांडण कशाला?"

"मग कुठं करू? टपरीवर? तू खोटं बोललास ते याच लोकांत. खरंबी याच लोकांत बोल. मातेच्या पाया पडतोस, तिची पालखी खांद्यावर घेतोस. ती काय तुझी नोकर हाय, तुझं पाप झाकायला?"

कमिटीतल्या कुणीतरी माईकची वायर ओढली. रत्नमालाला माईकची गरज नव्हतीच. पण पुढं बोलली ती रत्नमाला नव्हे. मांडवाच्या कडेला मेहरुन्निसा उभी होती. वर्कशॉपमध्ये ती करुणाच्या शेजारच्या मशीनवर असायची. बीबी मरियमवर तिची श्रद्धा, म्हणून दरवर्षी फुलं घेऊन यायची.

"झूट नक्को बोलो भाई," ती म्हणाली. "फोन तो तुमारे टेबल में बंद था. और सेन्सर तुमीच बंद करे थे. मैं देखी ना. इत्ते दिन चुप बैठी, नौकरी के डर से."

बद्रीनाथ घरात निघून गेला. लोक बुंदी न खाताच उठले. करुणा वाटेत मावशीच्या पुढं झपाझप चालत राहिली. घरी आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. "बोटं माझी गेली, बदनामी माझी झाली, आन भाषण तू केलंस! मला विचारलंस का एकदा?" रत्नमाला तिच्यावरही ओरडली. मग दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यात तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशी मेहरुन्निसाला कामावरून काढल्याचं कळलं आणि दोघींचा राग पुन्हा एका दिशेला वळला.

पुढचे काही आठवडे बद्रीनाथ चर्चला आला नाही. लीलाबाई एकटी यायची. तिनं नवऱ्याला मांडव उठल्यावर सरळ विचारलं होतं आणि त्याला तिच्यापुढं खोटं बोलता आलं नव्हतं. तेव्हापासून तिनं घरातली संध्याकाळची माळ बंद केली. म्हणाली, "तुम्ही शेजारी बसलात की माझ्या तोंडून निघत नाय." या घरात माळेशिवाय कधी जेवणाचं ताट वाढलं गेलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मिस्सा सुटली आणि लीलाबाई नवऱ्याला अंगणात घेऊन आली. लोक पायऱ्यांवर थबकले, त्यांत रत्नमाला आणि करुणाही होत्या. बद्रीनाथनं आधी फादरांकडं पाहिलं. फादर म्हणाले, "माझ्याकडं नको. करुणाकडं बघून बोला." रत्नमालानं त्यांच्याकडं पहिल्यांदा जरा आदरानं पाहिलं.

"करुणाच्या हातात फोन नव्हता," बद्रीनाथ म्हणाला. मागून कुणीतरी ऐकू येत नाही म्हणालं. त्याला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. "फोन नव्हता. सेन्सर मी बंद केला होता. मी खोटं बोललो. पोलिसांतबी जाऊन तसंच सांगतो. पोरी, मला माफ कर."

रत्नमालाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. उलट तिला त्याच्या वाकलेल्या मानेची चीड आली, इतक्या महिन्यांनी वाकली म्हणून. तिनं तोंड उघडलं, पण या खेपेला करुणानं तिचा दंड धरला. डाव्या हातानं.

"सेन्सर चालू केले का?" करुणानं विचारलं.

बद्रीनाथ गोंधळला. "कुठले?"

"मशीनचे. माझ्या जागी आता कोण बसतं?"

"सोनिया म्हणून एक पोरगी हाय, सिल्लोडकडची." तो घुटमळला. "उद्या मेकॅनिक बोलावतो."

"उद्या ती कामावर येईल. आज करा. मेहरुन्निसाआपालाबी आजच निरोप द्या, परत या म्हणून."

पायऱ्यांवरची माणसं चुळबुळली. फादर काही बोलायला पुढं झाले, बहुधा क्षमेबद्दलच. रत्नमाला म्हणाली, "फादर, तिला घाई करू नका." ते थांबले.

मग बद्रीनाथ, लीलाबाई, करुणा आणि रत्नमाला अशी चौघं रविवारच्या उन्हात वर्कशॉपवर गेली. शटर वर गेलं. तेलाचा वास आला तशी करुणाची पावलं उंबऱ्यात अडली. रत्नमालानं तिला ढकललं नाही की बोलावलं नाही, नुसती बाजूला उभी राहिली. बद्रीनाथ घामाघूम होत वायरी जोडत बसला. त्याला हे काम येत होतं. काढल्या त्यानंच होत्या. पहिलं मशीन सुरू झालं. करुणा स्वतःहून पुढं आली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि त्याचा दांडा प्रेसखाली धरला. बद्रीनाथनं बटण दाबलं. प्रेस जागची हलली नाही.

त्यानं कपाळ पुसलं आणि हळूच विचारलं, "आता तरी माफ केलंस ना, पोरी?"

"ते मला नाय माहीत अजून," करुणा म्हणाली. "अजून दोन मशीनी राहिल्यात."