पेट्रोल कोणी प्यायलं?

टॅक्सी स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर तिला वहिनी म्हणतात. त्यांतल्या एकाचीच ती खरी वहिनी आहे, आणि त्या एकाला सोडून बाकी सगळ्यांशी ती नीट बोलते.

पन्नाशीला टेकलेली, उंचीने कमी. सीटवर उशी घेऊन बसते, आणि उशीबद्दल कोणी काही बोललंच तर आरशातून अशी बघते की प्रवासी पुढच्या चौकात स्वतःहून उतरावा. नवरा होता तोवर ती स्टँडच्या मागच्या खोलीत फोनवर बसायची. कोणती गाडी कुठे जाणार हे ठरवणारा आवाज तिचा होता. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत निकाल द्यायची सवय तेव्हाची. फोनवर ती सवय कामाची होती, घरात नाही.

नवरा गेल्यावर तिला गाडी दिराने शिकवली. शिकवली म्हणजे बाजूला बसून ओरडला. एकदा चढावर क्लच सोडताना गाडी मागे घरंगळली आणि कोणाच्या तरी फाटकाला जाऊन टेकली. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आपल्या उंटावरून शेळ्याच हाका. फोन बरा तुम्हाला." हे वाक्य ती विसरली नाही, आणि आपण विसरलो नाही हे त्यालाही विसरू दिलं नाही. दोघांचं अहो-जाहो मात्र भांडणातही सुटत नाही. वहिनी-भाऊजी करतच एकमेकांची सालटी काढतात. दोघं एकाच घरात राहतात, वहिनी वर, दीर खाली, आणि सासूबाई मधल्या स्वयंपाकघरात, सीमेवरच्या चौकीसारख्या.

जुनी गाडी मोडीत निघाली तेव्हा दिराला डिझेल हवी होती. वहिनीला हायब्रिड हवी होती: मोठी, उंच, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी, आणि मुख्य म्हणजे क्लच नसलेली. क्लचचं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही. स्टँडवर सांगितलं ते ॲव्हरेज.

"लिटरला बावीस देते. सिग्नलला उभी राहिली की इंजिन बंद. तुमच्या डिझेलसारखी उभ्या उभ्या चरत नाही."

"बावीस कोण म्हणतं?" दिराने विचारलं.

"शोरूमवाला."

"तो तर आपली बायको रागवत नाही असंही म्हणत असेल."

गाडी दोघांच्या नावावर घेतली. उन्हाळ्यात तिने खरोखरच वीस-एकवीस दिलं आणि वहिनीने तो आकडा स्टँडवर रोज एकदा तरी ऐकवला. पाळ्या ठरल्या. सकाळी दीर हॉस्पिटलच्या फेऱ्या करायचा: डायलिसिसचे रुग्ण घरून उचलायचे, हॉस्पिटलच्या दारात सोडायचे, पुढचा उचलायचा. सगळ्या फेऱ्या गावातल्या गावात, दोन-तीन किलोमीटरच्या, आणि प्रत्येक दारात थांबणं. दुपारी वहिनी गाडी घ्यायची आणि हायवेने विमानतळावर जायची-यायची. पेट्रोल सामाईक खात्यावर होतं. पाळी संपली की स्टँडशेजारच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची आणि मगच चावी द्यायची. म्हणजे कोणाच्या पाळीत किती जळलं ते पंपावरच कळायचं.

गाडीतल्या स्क्रीनवरही ॲव्हरेज दिसतं. पण या स्टँडवर कोणी काट्यावर विश्वास ठेवत नाही. टाकी ते टाकी हाच इथला हिशोब. वहिनीचा नवराही तेच म्हणायचा.

मग थंडी पडली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग साचले, काचा खरवडल्याशिवाय गाड्या निघेनात. वहिनीचं ॲव्हरेज अठरावर आलं. तिने हिवाळी टायरांना दोष दिला आणि विषय मिटवला. दिराचं बारावर आलं.

एकच गाडी, एकच पंप. एकाच्या हातात अठरा, दुसऱ्याच्या हातात बारा. तिच्यापुढे दोनच शक्यता होत्या. एक तर आपण नको ती गाडी घेतली, किंवा दीर पेट्रोल चोरतो. तिने दुसरी निवडली.

"भाऊजी, सकाळी गाडी कुठे कुठे जाते?" तिने स्वयंपाकघरात विचारलं. सासूबाई बटाटे सोलत होत्या.

"हॉस्पिटलला. लग्नाला नेतो का मी तिला?"

"किलोमीटर तेवढेच आहेत. पेट्रोल दीडपट लागतंय."

"मग गाडीला विचारा. तुम्हीच आणलीत."

"गाडी खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो. स्क्रीन बघा ना, स्क्रीनवरही बाराच दिसतंय."

"स्क्रीन शोरूमवाल्याची. टाकी आपली."

दीर हसला. "वा! शोरूमवाल्याचे बावीस खरे, आणि त्याचीच स्क्रीन खोटी!"

तेव्हा वहिनीने खोलीत असलेल्या सगळ्यात वाईट प्रश्नाला हात घातला. "तुमच्या कपाटामागे ती रबरी नळी कशाला आहे?"

सुरी थांबली. सासूबाई म्हणाल्या, "पुरे. आपलेच दात, आपलेच ओठ."

"पाण्याची नळी आहे ती," दीर म्हणाला. तो उठला, खाली गेला, नळी घेऊन आला आणि टेबलावर वहिनीसमोर ठेवली. "घ्या वास. पोटभर घ्या."

तिने घेतला. नळीला रबराचा वास येत होता. "धुतली असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दीर तिच्यासमोर जेवला नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर घरातलं भांडण घरात राहिलं असतं. पण दुपारी स्टँडवर कोणीतरी विचारलं, "काय वहिनी, बावीस मिळतंय का अजून?" आणि ती म्हणाली, "मला मिळेल हो. आमच्या घरात पेट्रोल पिणारा माणूस आहे."

स्टँडला थंडीत करमणूक कमी. वाक्य हातोहात गेलं. दिराने सिगारेट काढली की चारजण मागे सरकायचे. "भाऊजी, जपून! पेट घ्याल!" पंपावरचा माणूस नळी हातात घेऊन विचारायचा, "गाडीत भरू की ग्लासात?" पहिले काही दिवस दीर उलट बोलला. नंतर गाडीतच बसून राहू लागला.

थट्टा हॉस्पिटलात पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या वाहतूक विभागाची प्रमुख ही कमी बोलणारी बाई आहे. तिच्या टेबलावर मंजूर ड्रायव्हरांची यादी असते. रुग्णाला खुर्चीतून गाडीत कसं घ्यायचं, चक्कर आली तर काय करायचं, हे शिकून परीक्षा दिलेल्यांचीच नावं त्यात. दीर त्यात पहिल्यापासून होता. याखेरीज त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं: शिक्षण अर्धवट, पाठ दुखरी, आणि स्टँडवरची इज्जत आता नळीला टांगलेली. प्रमुख बाईने त्याला सांगितलं की चोरीचा संशय असलेल्या माणसाच्या हाती ती रुग्ण देणार नाही. महिनाअखेरीला ती ठरवेल. संशय राहिला तर नाव कायमचं जाईल. तोवर सकाळच्या फेऱ्या वहिनीने कराव्यात. परीक्षा तिनेही दिलेली होती.

म्हणून पाळ्या बदलल्या. सकाळ वहिनीकडे आली, विमानतळ दिराकडे. चावी देताना वहिनी म्हणाली, "आता बघूच, सकाळी किती देते ते."

"बघा," दीर म्हणाला.

पहिल्या दिवशी टाकी भरली आणि भाग दिला. बारा. तिने पुन्हा भाग दिला. मग पंपाच्या नळीकडे अशी बघत राहिली की पंपवाला म्हणाला, "वहिनी, माझीही हुंगणार का?"

दुसऱ्या दिवशी तिने हीटर बंद ठेवला. तिची पहिली प्रवासी एक निवृत्त मुख्याध्यापिका होती, डायलिसिसला जाणारी, शालीत गुंडाळलेली, आणि अजून वर्ग घेत असल्यासारखी बोलणारी.

"हीटर बिघडलाय का?" मुख्याध्यापिकेने विचारलं.

"नाही."

"मग मी बिघडावं अशी इच्छा आहे?"

"दोन किलोमीटर तर जायचंय, बाई."

"माझ्या रक्ताला किलोमीटर कळत नाहीत. तुमचा दीर दारात यायचा तेव्हा गाडी आतून गरम असायची."

"तो उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचा."

"जाळायचा ना? मग चोरायचा कधी?"

हॉस्पिटलच्या दारात उतरताना मुख्याध्यापिकेने वहिनीचा हात झिडकारला आणि कठड्याला धरून उभी राहिली. "चोर असेल. पण तुमच्यापेक्षा तो चोर बरा."

हीटर बंद ठेवून वहिनीला चौदा मिळालं होतं. म्हणजे तरीही बावीस नाही, अठराही नाही. तिसऱ्या दिवशी तिने हीटर पूर्ण लावला आणि आवाज ऐकत गाडी चालवली. सिग्नलला गाडी थांबली; इंजिन थांबलं नाही. जे स्टँडवर शंभरदा सांगितलं होतं तेच होत नव्हतं. मुख्याध्यापिकेच्या दारात उभी राहिली, तिथेही इंजिन चालूच. हीटरची ऊब इंजिनच्या गरम पाण्यातून येते, आणि पाणी गार पडलं की इंजिन चालावंच लागतं, गाडी उभी असो नाहीतर पळत असो. हायवेवर एकदा तापलं की पुढे सगळा रस्ता ती ऊब पुरते. इथे जेमतेम तापायचं, तोवर दार आलेलं असायचं; रुग्ण उतरवून, चाकांची खुर्ची आत पोचवून परत यावं तर पुन्हा गार. गारठलेली बॅटरीही उन्हाळ्यासारखी साथ देत नव्हती.

त्या दिवशी टाकी भरली तेव्हा साडेअकरा आलं. दिरापेक्षा कमी.

इकडे दीर हायवेवरून अठरा आणत होता. तो पंपावर आकडा मोठ्याने सांगायचा आणि निघून जायचा. स्टँडवरची थट्टा थांबली. आता सगळे वहिनीकडे बघत होते, आणि ती खिडकीची काच वर करत होती.

तिला सगळं कळलं होतं, तरी ती बरेच दिवस बोलली नाही. हे लिहिताना तिची बाजू सांभाळायचं कारण नाही. महिनाअखेर जवळ येत होती, दिराचं नाव त्या यादीतून जाणार होतं, आणि तिला ठाऊक होतं की ते वाचवायचं तर गाडी चुकली असं म्हणावं लागेल. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "काय निघालं?"

"बघतेय," वहिनी म्हणाली.

"अजून किती बघशील? तो जेवत नाही तुझ्यासमोर. तू तर त्याच्यामागेही जेवेनाशी झालीस."

शेवटी ती प्रमुख बाईच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"माझ्या दिराने पेट्रोल घेतलं नाही."

"मग पेट्रोल कोणी प्यायलं?"

"थंडीने. आणि हीटरने. आणि तुमच्या छोट्या छोट्या फेऱ्यांनी. माझ्या हातात गाडी त्याच्याहून कमी देते."

प्रमुख बाईने चष्मा काढला. "तक्रार तुमचीच होती ना?"

"मी तक्रार केली नव्हती. स्टँडवर बोलले."

"स्टँड इथून बराच लांब आहे."

"माझा आवाज पोचतो," वहिनी म्हणाली.

नाव राहिलं. संध्याकाळी दीर स्वयंपाकघरात आला, बसला नाही. "हॉस्पिटलात सांगितलंत म्हणे. बोलला होतात कुठे?"

"स्टँडवर."

"मग तिथे सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाळी बदलायच्या वेळी, सगळ्या गाड्या उभ्या असताना ती उतरली. उशी हातातच राहिली होती. "ऐका. सकाळच्या फेऱ्यांना ही गाडी थंडीत बारा देते. मला साडेअकरा दिलं. भाऊजींनी पेट्रोल चोरलं नाही."

कोणीतरी मागून ओरडलं, "म्हणजे गाडीच चुकली म्हणा की, वहिनी!"

ती उशीची शिवण बोटाने चाचपत राहिली. दीर गाडीला टेकून होता. त्याने मदत केली नाही. त्याने करावी असं काही तिने केलंही नव्हतं.

"सकाळच्या कामाला चुकली," ती म्हणाली. "मी चुकले."

माफी तिने मागितली नाही. त्यानेही तिची वाट पाहिली नाही. चावी तिच्या हातातून घेतली, पुन्हा तिच्याच हातात ठेवली आणि म्हणाला, "विमानतळाला उशीर होतोय तुम्हाला. उद्यापासून सकाळ माझी."

त्यानंतर दोघांत गोडी आली असं समजू नये. नळी आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे, दिराने टांगली, आणि वहिनीने काढायला हात घातला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. घरात एखादी नळी असावी." दीर पुन्हा टेबलावर जेवतो, नळीखालच्या खुर्चीवर. रोज दुपारी गाडीच्या टपावर थाप मारून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा आकडा सांगतो. "वहिनी, बारा! आज थंडीला तहान जास्त होती." ती उशी ठेवते, आरसा खाली ओढते, निघते.

बर्फ वितळलं. काचा खरवडायचं काम गेलं, बर्फाने फाटलेली वायपरची रबरं तेवढी राहिली. मुख्याध्यापिकेने शाल मागच्या सीटवर ठेवायला सुरुवात केली. एका दुपारी दिराने टाकी भरली, भाग दिला आणि या वेळी थाप न मारता तिच्या खिडकीशी आला.

"एकोणीस," तो म्हणाला.

वहिनीने मान हलवली. बावीस म्हणायची तिला घाई झाली होती, पण तिने चावीसाठी हात पुढे केला.

दिराने चावी तिच्या तळव्यावर टाकली. "सुधारलो म्हणायचं मी."

"वायपर बदला," वहिनी म्हणाली, आणि काच वर केली.