घुगरी आणि लांडगा

माणसाच्या आत एक श्वापद दडलेलं असतं आणि पौर्णिमेच्या रात्री ते बाहेर येतं. आमच्या तांड्यात ते भर दुपारी, लख्ख उन्हात बाहेर आलं, कारण भाड्याच्या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नव्हतं. रात्र नंतर कॉम्प्युटरवर करायची ठरली होती.

माझी पुतणी लग्नांचं शूटिंग करते. फुलसावंगीपासून घाटंजीपर्यंतचे नवरदेव तिने घोड्यावर चढताना टिपले आहेत. लोक ते व्हिडिओ एकदा बघतात, त्यात स्वतःला शोधतात आणि विसरतात. आपलं एक तरी काम लोकांनी, त्यात स्वतःचं तोंड नसताना, शेवटपर्यंत बघावं आणि हसू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने माणसाचा लांडगा होतो असा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट विलायती भयपट निवडला. तो आजच्या काळात, आमच्या तांड्यात नव्याने करायचा होता. किल्ल्याच्या जागी माझ्या बहिणीचं घर आलं, धुक्याच्या जागी पेटवलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचा धूर. मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून मूळ इंग्रजी संवाद समजावून सांगायला मला बोलावलं. ते कोणी वापरले नाहीत.

लांडगा झाला माझा भाचा. बकरीचे केस डिंकाने तोंडावर चिकटवून घ्यायला तो पहाटेपासून बसला होता. त्याच्या आईच्या भूमिकेत त्याची खरीच आई, म्हणजे माझी मोठी बहीण. शेवटच्या दृश्यात लांडगा तिच्यावर झडप घालणार होता.

बहीण तयार होऊन आली ती दोन्ही कानशिलांवर चांदीच्या घुगऱ्या लोंबवत. नवरा आहे तोवर आमच्यातल्या जुन्या बायका त्या काढत नाहीत. पुतणीच्या लक्षात आलं की लांडगा मरतो तो चांदीनेच. एवढी चांदी बघून तो जवळ येणारच नाही. तिने हळूच घुगऱ्या काढायची विनंती केली.

बहीण घरात आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलते. चिडली की वऱ्हाडीत येते, म्हणजे भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत यवतमाळहून आलेल्या माणसालाही त्याचा वाटा मिळतो.

"घरवाला जित्ता हाये माया. कायले काढू?"

"आत्या, दोनच मिनिटं."

"तुया लांडग्याले सांग, दुसऱ्या घरी जाय म्हना."

बाजेवर बसलेल्या भाऊजींनी गंभीरपणे मान हलवली. प्रश्न त्यांच्या आयुष्याचा होता.

पुतणी पायरीवर बसली. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता आणि दुसरं घर गाठलं तरी तिथल्या म्हातारीच्या कानशिलावर हेच लोंबत असणार होतं. मी घुगऱ्यांवर पदर घेण्याचा तोडगा सुचवला. आत्या आणि भाची, दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं.

थोड्या वेळाने बहिणीने विचारलं, चांदी लागली तर त्याचं काय होतं? मरतो, पुतणी म्हणाली. बहिणीने केसाळ पोराकडे जरा वेळ बघितलं.

"मंग मी त्याले हात नाही लावत. जेवाले तं देईन ना?"

तालीम न करता ते दृश्य घेतलं. तिने भाकरी-चटणीची थाळी जमिनीवर ठेवली आणि चिंचा पाडायच्या काठीने ती लांबून त्याच्याकडे ढकलली. त्याच्या बाजूची घुगरी हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने ती कानशिलाशी घट्ट दाबून धरली होती. लांडगा चार पायांवर आला, जेवला. ती थांबली. मग काठीने रिकामी थाळी परत ओढली. झडप पटकथेतून गेली ती गेलीच.

देवळासमोर पडदा लावून चित्रपट दाखवला. लांडगा आला तेव्हा लोकांनी त्याला चालीवरून ओळखलं, हाका मारल्या, पोट धरून हसले. थाळी पुढे सरकू लागली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. थाळी परत येईपर्यंत कोणी खोकलंही नाही. पुतणी पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत उभी होती. भय आणि करुणा यांवर मी जन्मभर वर्गात बोललो, पण त्या वेळी मला सुचलं ते एवढंच, की ही आमची पोरगी आहे आणि ती आमची बहीण.

तालुक्याहून आलेले प्रमुख पाहुणे नायकाच्या डोळ्यांतल्या आदिम भुकेवर बराच वेळ बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाच्याने शूटिंगच्या दिवशी पहाटेपासून चहासुद्धा घेतला नव्हता. डिंक सुटला असता.