संघमित्रासाठी एक मोबाईल चालू ठेवता आला नाही

संघमित्रा गेली, आणि कॉलेजनं शोकसभेची लिंक पाठवली.

सुट्ट्या आहेत, सगळ्यांना भंडाऱ्याला येणं जमणार नाही म्हणे.

आज वर्ष झालं. राग गेलेला नाही. मला तो घालवायचाही नाही.

संघमित्रा माझी बीएस्सीची मैत्रीण, आसगावची. तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. बरी असली की सकाळची एसटी पकडून यायची, पहिल्या बेंचवर बसायची, प्रश्न विचारून सरांना हैराण करायची. हाडं दुखायला लागली की अंथरुणातून उठणं व्हायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये आमचं पहिलं वर्ष ऑनलाईन गेलं. आम्ही कॅमेरा बंद करून झोपायचो. तिचं एक लेक्चर बुडलं नाही.

तरी कॉलेज उघडल्यावर सगळ्यांत खूश तीच. "स्क्रीनवर सरले मधातच थांबवता येत नाही वो. वर्गात येते."

तिनं एवढंच मागितलं, की दुखण्याच्या दिवशी वर्गात एक मोबाईल चालू राहू द्या, म्हणजे घरून लेक्चर ऐकता येईल. डॉक्टरांचं सर्टिफिकेटही दिलं.

आता ऑफलाईन सुरू आहे, तशी सोय नाही, असं सांगितलं.

ऑनलाईन चांगलं की ऑफलाईन, यावर कॉलेजात सेमिनार झाला. तिला कोणी बोलावलं नाही.

मग मीच माझा मोबाईल पुस्तकांना टेकवून बेंचवर उभा करायला लागले. एक दिवस सरांनी तो उचलला. कॉल चालू होता, स्क्रीनवर तिचं नाव होतं.

तरी म्हणाले, "घरी झोपून डिग्री मिळत नसते."

ती ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी आली. कडाक्याच्या थंडीत, भावाच्या गाडीवर बसून. कठडा धरून जिना चढली. मी म्हटलं, काहून आलीस?

"मी झोपून नव्हती. दुखून राहिलं होतं. सरले दिसू दे."

सरांनी हजेरी घेतली. मान वर केली नाही.

हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. तिनं पुन्हा ॲडमिशन घेतली. परीक्षेआधीच छातीत दुखायला लागलं, नागपूरला नेलं. तिथंच गेली.

सर, तुम्ही तिला मारलं असं मी म्हणत नाही. आजारानं मारलं. पण तिला बीएस्सी व्हायचं होतं, ते तुम्ही होऊ दिलं नाही.

शोकसभेच्या वेळी मी आसगावला होते. तिच्या आईजवळ बसले होते. मावशींनी एकच विचारलं.

"पास झाली असती ना वो?"

झाली असती, मावशी. पहिल्या नंबरानं झाली असती.

संघमित्रा, तुला शेवटचा जय भीम.