भिंत आणि लांब वायर

थोरलीच्या शिवणयंत्रावर एकाच खिडकीचा उजेड पडायचा. त्या उजेडात तिचे केस पिकले. लाईट गेली की ती दाराबाहेर गॅसच्या टाकीवर चालणारा जनरेटर लावायची. तो धडधडायचा, धूर ओकायचा. पण टाकी बदलत राहा, हवा तेवढा चालणार.

बोळापलीकडे तिची धाकटी जाऊ विजेच्या यंत्रात अंडी उबवून पिल्लं विकायची. तिने महागाची बॅटरी आणली. ना आवाज, ना धूर. “जाऊबाईंचा जनरेटर म्हणजे दमेकरी रेडा,” असं ती चारचौघांत म्हणाली. थोरलीने तेही गिळलं असतं. पण धुराचं निमित्त करून धाकटीने बोळात भिंत घातली, थेट छपराच्या पत्र्याला भिडवून, नेमकी त्या खिडकीपुढे. भरदुपारी थोरलीला सुईचं नेढं दिसेना. ती भांडली नाही. राखेत निखारा जपावा तसा तिने राग जपला.

मग वादळात विजेचे खांब आडवे झाले. बॅटरी एक दिवस पुरली. ती भरायलाही लाईटच लागते, हे धाकटीला तेव्हा उमगलं. अंडी फुटायच्या बेतात होती. ऊब गेली तर पिल्लं कवचातच मरणार. पदराने घाम पुसत ती थोरलीच्या दारात आली आणि जनरेटर मागू लागली.

थोरली शिवतच राहिली. गिऱ्हाइकांचे कपडे अडलेत, जनरेटर दारातून हलायचा नाही, म्हणाली. वायर हवी तर ने. पण वायर तोकडी. रस्त्याने वळसा घालून पुरायची नाही.

लांब वायर होती. थोरलीच्या पायाखाली, वेटोळं करून, चिंध्यांनी झाकलेली.

“भिंतीला भोक पाडते, ताई.”

“भोक नको. खिडकीएवढी पाड. आणि तूच पाड, नवऱ्याला बोलावू नकोस. मी इथं बसून बघते.”

धाकटीने पहार उचलली. तळहात सोलवटले, डोळ्यांत चुना गेला. एकेक वीट पडत होती आणि थोरलीच्या कापडावर उजेड हातभर पुढे सरकत होता. इतकं गोड तिला कधी काही लागलं नव्हतं.

पिल्लं वाचली. लाईट आल्यावर धाकटीचा नवरा भिंत बुजवायला विटा घेऊन आला, तर तिनेच त्याला परत पाठवलं. पुढचं वादळ कुणी पाहिलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने चिंध्या बाजूला सारल्या. लांब वायर झटकली, आणि पलीकडून नीट दिसेल अशी खिडकीच्या गजांना टांगून ठेवली.