अडतीस टर्नची मोटर

फुकट म्हटलं की मला संशय येतो. नांदेडच्या एका सेंटरवर मोटर वाइंडिंगचा कोर्स फुकट आहे हे ऐकलं, तेव्हा मी आधी विचारलं, मग त्यांना काय मिळतं? आधार कार्ड मागितलं, दोन फोटो मागितले, पासबुकाची झेरॉक्स मागितली. झेरॉक्सवर मी दोन आडव्या रेघा मारून मधे 'फक्त कोर्ससाठी' असं लिहून दिलं. टेबलामागची मुलगी हसली. हस बाई, तुझं काय जातंय!

पण जाणं भाग होतं. अर्धापूरच्या रस्त्यावर आमचं मोटरी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हातांना कंप सुटला होता. चहाची बशी ओठापर्यंत जाईना, तिथं बारीक तार कशी गुंडाळायची? शटर भाड्यानं मागायला दोघं येऊनही गेले होते. मी काम शिकले तर दुकान राहणार, नाही तर जाणार, इतकं ते सरळ होतं.

शिकवणाऱ्या सरांचं स्वतःचं दुकान शहरात होतं. मला तिथंच पाणी मुरताना दिसलं. स्वतःचा धंदा असलेला माणूस दुसऱ्याला खरं कशाला शिकवेल? ते सांगायचे, अमक्या मोटरला इतके टर्न. टर्न म्हणजे तारेचा एक वेढा. मी घरी येऊन मालकांना विचारायची, बरोबर आहे का हो? मालक नुसतं 'हूं' करायचे. एकदा तपासणीला साहेब लोक आले. आमच्या हातात पक्कड-पान्यांच्या नव्याकोऱ्या पेट्या देऊन फोटो काढले, आणि गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच पेट्या परत घेतल्या. बघा, म्हटलं! त्या दिवशी सर आमच्यापेक्षा जास्त चिडले. मला तेही खटकलं. पगार घेणारा माणूस इतका कशाला चिडतो?

एक गोष्ट मात्र ते रोज सांगायचे. "ताई, कुणाच्या सांगण्यावरून मोटर भरू नका. माझ्यासुद्धा न्हाई. जळकी कॉइल कापा, टर्न मोजा, तेवढेच भरा."

अहो, पण मोजायला कॉइल तर पाहिजे! कोर्स संपल्यावर महिनाभरानं माझं पहिलं गिऱ्हाईक आलं, शेजारच्या गावचा केळीवाला. ऊन मी म्हणत होतं, बाग पाण्यावाचून माना टाकत होती, आणि त्यानं मोटर आणली ती आतून साफ रिकामी.

"ह्यातली कॉइल कुठंय?"

"काढली अन् इकली," तो ऐटीत म्हणाला. "तुमी लोक जळकं तांबं दाबता. मागच्या टायमाला लई गेलं माझं."

जळकं तांबं मिस्त्रीकडं राहायचं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत, आणि त्यावरून भांडणंही तितकीच जुनी. हा शहाणा छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच बसला होता. तांबं वाचलं, पण टर्नचा आकडा भंगारात गेला. "बाबा रे, विकायच्या आधी मोजून तरी ठेवायचं!" म्हटलं, तर म्हणतो, "मोजायचं असतंय व्हय ते?"

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "चाळीसच्या वर जाईल ताई, पण कंपनीगणिक फरक असतो. दादांची वही असेल ना? त्यांनाच विचारा." चाळीसच्या वर म्हणे! हा माणूस मुद्दाम मोघम बोलतोय, असं मी धरून चालले. मालकांची टर्नच्या आकड्यांची वही काढली. त्या मोटरपुढं अडतीस लिहिलं होतं.

"अहो, अडतीस ना?"

मालक रस्त्याकडं बघत म्हणाले, "लिहिलंय तेच."

दोन दिवस मान वर न करता मी ती मोटर भरली. ट्रायलला लावली, मीटर धरला, तर रिकामी फिरतानाही अँपिअर चढतच चालले. करपल्याचा वास आला तशी मी धावत जाऊन स्विच पाडला. आधी मीटरवर शक घेतला, दुसरा मीटर मागून आणला, तो तेच दाखवी. मग तारवाल्यानं बारीक तार गळ्यात मारली म्हणून नांदेडला जाऊन भांडले. त्यानं माझ्यासमोर मोजून दाखवली, तार बरोबर होती. मग उरले सर. फोनवर मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्ही मुद्दाम चुकीचं शिकवलं, इथपर्यंत गेले.

दुपारी सर स्वतः गाडीवर आले. मोटर पाहिली, वही मागितली, आणि पान बघून हसायला लागले. "ताई, ही वही चोरासाठी लिहिलेली हाय. आमचे उस्तादबी असंच करायचे. खरा आकडा डोक्यात, वहीत कमी. कारागीर वही घेऊन पळाला, तरी त्यानं भरलेली मोटर जळायची." मग मालकांकडं वळून विचारलं, "दादा, किती कमी लिहिता?"

मालकांनी वही मिटून मांडीखाली सरकवली. सर चहा न घेताच गेले.

माझं डोकं फिरलं. "वीस वर्षं माझ्या हातचं खाता, आणि शक माझ्यावर? केळीवाला उद्या दारात उभा राहील. पहिलीच मोटर जळाली तर ह्या दुकानाची पायरी कोण चढणार?"

"तू त्या सेंटरला जात व्हतीस," ते पुटपुटले. "तिकडं आकडे बोलशील म्हणून."

"सेंटर संपून महिना झाला!"

त्यांनी मांडीखालची वही काढून माझ्यापुढं टाकली. मग म्हणाले, "समदे आकडे तुला दिले, तर मला इथं कशाला आणून बसवशील? घरीच पडून ऱ्हावं लागंल."

मी अख्ख्या जगावर शक घेणारी बाई. पण हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. रडू आलं, आणि राग काही गेला नाही, दोन्ही एकदमच. मी स्टूल ओढलं, त्यांना शेजारी बसवलं आणि म्हटलं, "बोला." ते म्हणाले, "त्रेचाळीस." मी सगळी तार उपसली आणि पुन्हा भरायला बसले. ते एकेक टर्न मोठ्यानं मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी ट्रायलला काटा जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबला. केळीवाला मोटर घेऊन गेला, तो बागेत पाणी सुटल्याचा फोन करूनच जेवला.

त्या वहीत अजून पुष्कळ पानं आहेत, आणि प्रत्येक पानाची खोट वेगळी आहे. शेजारीण म्हणते, "आताच समदं लिहून घे बाई, उद्या मानसाचं काही बरं-वाईट झालं तर?" खरंच आहे तिचं. रात्री मलाही धास्ती वाटते. पण मी काही लिहून घेतलेलं नाही. मोटर आली की त्यांना विचारते, आणि ते सांगतील तेवढे टर्न भरते.