पेटी वरच्या आळीत, पखवाज खालच्या आळीत

आमच्या भजनी मंडळाला अभंग पाठ होते जेमतेम चाळीस, पण किस्से? मोजायची सोय नाही! एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच तोंड घालतो, तिसरा बाहेर ताटकळत असतोच.

आधी भानगड सांगतो, नाहीतर 'हा कोण, तो कोण' विचारून माझं डोकं खाल. कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठी आमचं गाव. आबा पखवाज वाजवायचे, बापू पेटी. दोघं लंगोटीयार! बेचाळीसच्या चळवळीत आबांचा पोरगा शिवा भूमिगत झाला आणि एक दिवस पकडला गेला. नेमका त्याच दिवशी फौजदार बापूंच्या ओट्यावर बसून पाणी प्याला होता. झालं! तांब्याभर पाण्यावर बापू फितूर ठरले. गावाच्या दोन आळ्या एकमेकींशी बोलेनात. भजन बंद. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच सवाल, शिवा सुटून आला की बापूंचं मुंडकं धडावर राहतंय का नाही?

मी तेव्हा फौजेत, बँडात. शेहेचाळीस साली नाव कापून घरी आलो, तर इथं मंडळाची वाटणी झालेली. भाऊ-भाऊ भांडी वाटतात तशी! पेटी बापूंच्या वरच्या आळीला, पखवाज आबांच्या खालच्या आळीला. टाळांचे जोड तेरा. सहा-सहा वाटले आणि तेराव्या जोडाची दोरी कापून एक टाळ इकडं, एक तिकडं!

मी वरच्या आळीचा. तो एकटा टाळ माझ्या हातात देऊन बापू म्हणाले, "हवालदार, वाजवा."

"कशावर?"

"एवढं मोठं कपाळ दिलंय की देवानं!"

*

कपाळ वाचवायला मी रॉकेलचा डबा घेतला. पखवाज नाही तर डबा! पण हाताला सवय कवायतीच्या ढोलाची. एकादशीला बापूंनी चांगला संथ अभंग धरला आणि माझा डबा सुटला लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. टाळकरी जागच्या जागी पाय आपटायला लागले. आमचे एक पेन्शनर सुभेदार होते, ते उठून सॅल्यूट ठोकून उभे राहिले. खाली बसेचनात!

शेवटी बापूंनी भाता सोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आवं हवालदार, इठ्ठलाला बी भरती करताय व्हय?"

*

खालच्या आळीचे हाल वेगळे. पखवाज आहे, पण सूर कुठनं आणायचा? आम्ही मारुतीच्या देवळात बसायचो, ते देवळामागच्या पारावर. मधे भिंत. बापूंची पेटी वाजली की आबा भिंतीला कान लावून सूर उचलायचे आणि तिकडं भजन सुरू! चोरीचा सूर, पण काय रंगायचं म्हणता!

बापूंना कळलं तेव्हा ते लय खूश झाले. आम्हाला म्हणाले, "आज तुमी नुसते ओठ हलवा. गाऊ नका." आणि पेटी लावली काळी चार, एकदम वरची पट्टी! भिंतीपलीकडं आबांची मंडळी अशी किंचाळली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. हसून हसून आमचे टाळ खाली पडले.

तेवढ्यात पलीकडनं खोकला ऐकू आला. आबांचा. थांबेचना. बापूंचं हसू गळालं. "त्याला दमा हाय रं," एवढं पुटपुटले, सूर पार खाली आणला आणि आमच्यावरच खेकसले, "दात काय काढताय? टाळ उचला!"

*

बापूंची धास्ती तर विचारू नका. कऱ्हाडची सर्व्हिस मोटार दिवसातनं एकदा यायची. हॉर्न वाजला की शिवाच आला असं धरून बापू माजघरातल्या धान्याच्या कणगीत! कोण उतरलं ते बघून मी वर्दी द्यायची, मग ते बाहेर.

एकदा मी म्हणालो, "बापू, तुमी काय केलं न्हाई, तर भिता कशाला?"

"केलं न्हाई हे मला म्हाईत हाय. त्याला कुठं म्हाईत हाय?" म्हणाले. मी तोंड फिरवून तंबाखू मळत बसलो.

तर एकदा मोटारीतनं कॉलऱ्याची लस टोचणारा डॉक्टर उतरला. हॉर्न वाजला, बापूंनी कणगीत उडी घेतली आणि आतनं एकदम बोंबलले. धावत जाऊन बघतो तर आत काकी आधीच बसलेल्या! बापूंची बायको हो.

"तू हितं काय करतीस?"

"तुमी शिवाला भिता, मी सुईला. सरका जरा!"

*

मग एक दिवस शिवा खरंच आला. भर दुपारी उतरला, आंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि बापाचा पखवाज गळ्यात अडकवून तडक वरच्या आळीत! मागनं आबा धापा टाकत, "शिवा, माघारी फिर रं!" त्यांच्या मागं अख्खं गाव. काकींनी धाडकन दार लावून कडी घातली. मी लढाई बघून आलेला माणूस, पण ओट्याच्या खांबाआड जाऊन उभा राहिलो.

शिवा ओट्यावर बसला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते, नाहीतर तो घुमत नाही. खालच्या आळीत नुसती रेशनची ज्वारी, तिचं पीठ थापलं की सुटून पडायचं. गावात गहू तेवढा बापूंच्याच मळ्यात.

शिवा बंद दाराला म्हणाला, "काकी, मूठभर कणीक भिजवून द्या."

आत परात वाजली. मग कडी वाजली, दार वीतभर उघडलं. हात बाहेर आला, हातात कणकेचा गोळा. शिवानं तो नीट थापला आणि एक थाप मारली. दाराआडनं बापूंचा आवाज आला, त्यांना राहवलंच नाही!

"लय उतरलाय रं! चढव जरा!"

"मग सूर द्या की."

दार सताड उघडलं. बापू पेटी छातीशी धरून उंबऱ्यात उभे. आबांकडं बघायचा धीर होईना.

"शिवा, आईच्यान सांगतो, मी न्हाई रं..."

शिवानं पखवाज मांडीवर ओढून घेतला.

"काका, बसा आधी. कणीक वाळाया लागलीय."